ओलिंदाबाईंचं सूप आणि मी

मी अनुराधाताईंचा, खिशात मावणारा दुभाषा बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा. बटण दाबा, हव्या त्या भाषेत बोला, मी लगेच तुमच्या भाषेत सांगतो.

बर्मिंगहॅमच्या एका केअर होममध्ये ताई कामाला आहेत. तिथल्या ओलिंदाबाई मूळच्या पोर्तुगालच्या. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं, उरली फक्त पोर्तुगीज. ताईंनी मला त्यांच्यासाठीच घेतलं. तेव्हा माझ्याशिवाय पान हलत नव्हतं!

मग स्वयंपाकघरात पिलार आली. ती स्पेनची. ही बोलायची स्पॅनिश, त्या बोलायच्या पोर्तुगीज, तरी दोघींच्या गप्पा रंगायच्या. एखादा शब्द अडलाच तर बाई तो सावकाश पुन्हा म्हणायच्या, की पिलारची मान डोललीच. माझा नुसता जळफळाट! मी आपला ड्रॉवरमध्ये, कात्री आणि मेलेल्या बॅटऱ्यांशेजारी.

त्यातच बाईंचं जेवण सुटलं. वजन उतरू लागलं, ताईंचा जीव टांगणीला लागला. पिलारने खास त्यांच्यासाठी सूप केलं. बाईंनी चमचाभर घेतलं नि म्हणाल्या, "इश्किझीतू."

पिलार हरखली. तिच्या भाषेत तो शब्द म्हणजे अप्रतिम! तिने वाडगा काठोकाठ भरला. बाईंनी तो ढकलून दिला.

ताईंनी घाईघाईने मला बाहेर काढलं. त्यांच्यासोबत काम करणारी दीक्षा म्हणाली, "आंटी, तो मशीन कशाला? त्या दोघी मॅनेज करतात ना!" पण ताईंनी बटण दाबलं आणि बाईंनी तोच शब्द पुन्हा म्हटला. मी आधी मराठीत आणि मग पिलारच्या भाषेत खणखणीत सांगितलं, "विचित्र!" बरी जिरली हिची, असं मला वाटलं.

पिलार गोरीमोरी झाली आणि एकदम फिसकन हसली. बाईही हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ताई म्हणाल्या, "अगं दीक्षा, माझी हिंदीवाली नेबर म्हणाली, बच्चों को अच्छी शिक्षा दी है. मी म्हटलं, अहो, एवढं काय केलं पोरांनी?"

बाईंना सुपात कोथिंबीर हवी होती आणि पिलारने तशीच दिसणारी, पण वेगळ्या चवीची पार्स्ली घातली होती. हे त्यांनी एकमेकींना हातवारे करत सांगितलं, मला न विचारता. दुसऱ्या दिवशी बाईंनी वाडगा चाटूनपुसून संपवला.

मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. बरोबर मीच होतो हो! पण बरोबर सांगणाऱ्याला कुणी जवळ बसवून घेत नाही. म्हणून एक विनंती करतो. माझ्यात एखादा शब्द चुकीचा भरा. मलाही एकदा कुणाशी तरी असं चुकायचंय.