चौघांच्या खिशांचा कोट

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या सकाळी ती खरोखरच तीनदा गरगर फिरली, कारण कोट तयार झाला होता. आणि काय कोट! पाठ बाबांच्या जुन्या जीनची, उजवी बाजू दादाच्या पँटची, डावी वहिनीच्या जीनची. छातीवर तिच्या स्वतःच्या फाटक्या जीनचा एक इवलासा खिसा. जाड शिवणी हातोडीने ठोकून चपट्या केल्या, तरी पाच सुया मोडल्याच. शेजारीण विचारून गेली, "घरात सुतार बसवलाय का गं?"

एवढा खटाटोप टेलरबाईंसाठी. त्यांच्या दुकानात एक मशीन रिकामं होतं, आणि भिंगरीला त्यावर कामाला बसायचं होतं. गेल्या महिन्यात भिंगरीने शिवलेली पिशवी बाईंनी बटाटे भरून उचलली, तर बंद सुटला आणि बटाटे थेट रस्त्यावर.

"पोरी, तुझी शिलाई देखणी आहे, पण वजन घेत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "अजून एकदाच बघेन. बुधवारी अकराला काहीतरी शिवून, अंगात घालून ये."

आज बुधवार. न्याहारी कशीबशी घशाखाली ढकलून तिने खुंटीवरचा कोट अंगात चढवला आणि निघाली. पण चालवेना! खांदे ओढले जात होते, धाप लागत होती. घाबरलेय मी, दुसरं काय, असं म्हणत ती दुकानात पोचली.

बाईंनी चष्मा नाकावर ओढला, कॉलर उलटी केली, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दादा! नळदुरुस्तीचं काम करणारा माणूस, अर्धा भिजलेला. त्याने थेट तिच्या उजव्या खिशात हात घातला आणि दोन भलेमोठे पाने बाहेर काढले.

"गिऱ्हाइकाच्या घरात तळं झालंय, आणि तू माझे पाने घेऊन हिंडतेस!"

"खिशात ठेवले कोणी पण?"

"मीच, सकाळी खुंटीवर होता तेव्हा! माझाच खिसा आहे ना तो!"

आता घ्या! आठ वर्षं त्याच खिशात पाने टाकायची सवय. पँटचा कोट झाला, हे त्या हाताला कोण सांगणार?

एवढ्यात बाबा चाचपडत आले. "जरा सरळ उभी राहा गं," म्हणत त्यांनी तिच्या मागच्या खिशातून चष्मा काढला. दुसऱ्या खिशातल्या रेडिओचं बटण दाबलं गेलं आणि भिंगरीच्या पाठीमागून हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या. त्या संपायच्या आत वहिनी धावत आली. ती शाळेत शिक्षिका. डाव्या खिशातून तिने रुमालात गुंडाळलेली पितळी घंटा ओढून काढली.

"सगळी शाळा पहिल्याच तासात अडकलीये!" ती ओरडली, आणि घंटा घणघणली.

भिंगरीला रडू आलं, हसूही आलं. गेलं, सगळं गेलं, आता कसलं मशीन!

"थांबा," बाई म्हणाल्या. "जे जिथून काढलंत, ते तिथेच परत भरा."

तिघांनी भरलं. बाईंनी पुढचे दोन्ही खिसे मुठीत धरले आणि चक्क लोंबकळल्या. भिंगरीचे गुडघे वाकले, रेडिओ पुन्हा बोलू लागला, पण एक टाका हलेल तर शपथ!

"हे सगळं घेऊन घरापासून चालत आलीस?"

"हो. मला वाटलं, भीतीनेच जड झालंय."

बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी छातीवरच्या खिशावर बोट ठेवलं. "आणि हा कोणाचा?"

"माझा. रिकामाच आहे. ठेवायला काही नव्हतंच ना."

बाईंनी कमरेची किल्ली सोडवली आणि त्या खिशात टाकली. "उद्यापासून साडेआठला दुकान तू उघडायचंस."

"बघू, बघू कसली किल्ली," म्हणत दादाने हात पुढे केला.

भिंगरीने त्या हातावर सणसणीत चापट दिली.

"हात काढ! हा माझा खिसा आहे."