हिसका

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलेलं, पण पार्लरमधल्या गिऱ्हाइकांनीही ते उचललं, कारण बाई एका जागी टिकायचीच नाही. एकीच्या केसांना रंग लावता लावता दुसरीच्या भुवया कोरायच्या, मध्येच फोन घ्यायचा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन चर्चमधून परतताना तिने जाहीर केलं, "ईस्टरपर्यंतच्या या उपवासकाळात मी चहा-बिहा काही सोडणार नाही. सेवा करणार. वृद्धाश्रमातल्या बायकांचे केस धुऊन-विंचरून देणार."

"त्यापेक्षा चहा सोडणं सोपं," नवरा म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि मोजकंच बोलायचा.

सुरुवातीला भिंगरीचे पाय जमिनीवर नव्हते. आश्रमातल्या बायका तिची वाट बघत. एक आजी तर आरशात बघून चक्क लाजली. पण घरी येताना भिंगरी स्वतःला चाचपून बघायची. झाले का मी थोडी शांत? थोडी बरी? खपली काढून जखम बघावी तसं. काही सापडलं नाही की आणखीच चिडचिड.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. जन्मभर शाळेत शिकवलेलं, आता पोटची मुलगीही ओळखू यायची नाही. केसांचा पार गुंता झालेला, पण डोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी पार्लरमध्ये नवरी येऊन बसणार होती आणि भिंगरीला उशीर होत होता. तिने गोड बोलून पाहिलं, गाणं म्हणून पाहिलं. बाईंनी तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"मी काय तुमची मोलकरीण आहे?" भिंगरीने दातओठ खाल्ले आणि गुंत्यात अडकलेला कंगवा हिसकला. मुद्दाम. चांगलाच.

बाई ओरडल्या नाहीत. दोन्ही हातांनी डोकं झाकून लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "आता नाही करणार. आता नाही करणार."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कंगव्यात पांढऱ्या केसांचा झुपका आला होता. भिंगरीने कंगवा तसाच पर्समध्ये कोंबला आणि तडक बाहेर पडली.

नवरीच्या डोळ्यांतलं काजळ त्या दिवशी फिसकटलं. घरी नवऱ्याने विचारलं, "मनगटाला काय झालं?"

"कुत्रं चावलं."

"मग इंजेक्शन घ्यायला चल." त्याने लगेच गाडीची किल्ली उचलली.

"प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नका!" ती खेकसली. आपण कुणाला कुत्रं म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं आणि जेवणावरचं मनच उडालं.

रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, "आपल्यातलीच एक भगिनी स्वतःचा धंदा सोडून वृद्धांची सेवा करते आहे." माना तिच्याकडे वळल्या. शेजारणीने कौतुकाने कोपर मारलं. उठून सांगावं, तोंड उघडावं, असं तिला दहादा वाटलं, पण ती पर्सची चेन नुसती उघडत-मिटत राहिली.

प्रार्थना संपताच ती आश्रमात गेली. मास्तरीणबाईंच्या खाटेपाशी खाली बसून म्हणाली, "मी तुमचे केस ओढले. माझं चुकलं."

"कुणाची गं तू?" बाईंनी तिचा गाल कुरवाळला. "जेवलीस का?"

काय घडलं हेच ज्यांना आठवत नाही, त्यांनी केलेली माया घशाखाली उतरेना. भिंगरी आश्रमाचा कारभार बघणाऱ्या मेट्रनकडे गेली. धिप्पाड मेट्रन औषधांचं कपाट लावत होत्या. सगळं ऐकून त्यांनी आधी मनगट पाहिलं, मग म्हणाल्या, "यापुढे त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही. आणि त्यांच्या मुलीला मला सांगावं लागेल."

"म्हणजे मी येऊ नको?"

"तसं कुठे म्हटलं? दुपारी त्यांच्यापाशी कुणी नसतं. बसाल?"

"नुसती?"

"नुसती."

मुलीने फोनवर भिंगरीला चांगलंच फैलावर घेतलं. भिंगरीने ऐकून घेतलं. उलट उत्तर न द्यायची तिची ती पहिलीच वेळ असावी.

नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच होती. पाय हलायचे, पडदा सारखा करावासा वाटायचा. मास्तरीणबाई घडीघडी विचारत, "शाळा सुटली का?" सुटली म्हटलं की घाबऱ्याघुबऱ्या होऊन पिशवी शोधायला लागत. मग एकदा भिंगरी म्हणाली, "अजून नाही बाई, शेवटचा तास चाललाय." बाई निवांत मागे रेलल्या.

ईस्टर होऊन गेला. "झाली ना सेवा?" शेजारणीने विचारलं. भिंगरी जातच राहिली. शांत-बिंत ती काही झाली नाही. एका दुपारी बाईंनी पाण्याचा पेला तिच्या साडीवर उपडा केला आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. हात शिवशिवले. ती उठली, व्हरांड्यात गेली, कठडा घट्ट धरून उभी राहिली. श्वास ठिकाणावर आल्यावर ओल्या साडीनिशी आत आली.

बाईंनी तिला पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं आणि खाटेवर सरकून जागा केली. ती बसली.