मानाच्या घोड्याची आई

मी एक जुनी घोडी आहे, इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरची. उंच माणूस पाठीवर बसला तर त्याचे पाय जवळजवळ जमिनीला टेकतात, एवढीच माझी उंची. तरी दगडधोंड्यांतून दिवसभर चालते आणि कुरकुरत नाही. आम्हाला चंदनी घोडे म्हणतात. चंदनाचं झाड मात्र मी पाहिलेलं नाही. ते व्यापाऱ्यांनी आधीच नेलं. चंदन सरल्यावर त्यांनी आम्हाला न्यायला सुरुवात केली. माझ्या पणजीचे भाऊ जहाजात कोंबून जावाला नेले, टांगे ओढायला. परत कोणी आलं नाही.

मित्रांनो, मी या घरात आले तो एक सौदाच होता. मालक उंबू रेतांग यांची लेक, रांबू हामू, हिचं लग्न ठरलं. आमच्याकडे खानदानी पुरुषाला उंबू म्हणतात, बाईला रांबू. तिच्या बदल्यात नवऱ्याकडून जी जनावरं आली, त्यांत मी होते. ती दारातून बाहेर गेली, मी आत आले. माणसं रडली ती तिच्यासाठी.

पुढे नदीवरचं पाणी, मक्याची पोती, माळावर पांगलेल्या म्हशी वळणं, सगळं माझ्याच पाठीवर. उन्हाळ्यात गवत करपलं की मी काटेच चघळायचे. मला कधी कोणी चांगलं म्हटलं नाही. ते किती बरं होतं, हे फार उशिरा कळलं.

चांगलं म्हटलं ते माझ्या शिंगराला, राराला. तांबूस अंग, ताठ मान. मालकांनी त्याला स्वतःच्या बसण्यासाठी ठेवलं. पानसुपारीला आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "वा! उंबूंना शोभतो!" दोन वर्षं मालक त्याच्यावर बसले. मग मोटारसायकल आली. राराच्या पाठीवर बसणं सुटलं, कौतुक तेवढं राहिलं.

आणि मालक वारले. आमच्याकडे मोठा माणूस पूर्वजांच्या गावाला आपल्या घोड्यावर बसून जातो. म्हणजे घोड्यालाही त्याच दिवशी मरावं लागतं. याला मान म्हणतात.

राराच्या पाठीवर भरजरी कापड घातलं. घंटा वाजू लागल्या. माहेरी आलेल्या हामूनं थोरल्या भावाला, उंबू तुंगूला, अंगणातच गाठलं.

"दादा, सोड त्याला. माझ्या बदल्यात आलेल्या घोडीचं लेकरू आहे ते."

"मग बाबांना काय पायी पाठवू? लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा घोड्यावर शेवटचे कधी बसले होते, आठवतंय तुला? मोटारसायकलवरच फिरायचे की! ती पुर त्यांच्याबरोबर."

"वेड लागलंय का तुला? ती मला रोज लागते!"

मालकांचे भाऊ, म्हातारे काका, सुपारी चघळत म्हणाले, "शिवाय पोरी, पूर्वजांच्या गावात पेट्रोल कुठं मिळायचं?"

अंगण हसलं. हामू तेवढी हसली नाही. ती राराच्या गळ्याला बिलगून उभी राहिली, आणि चार बायकांनी तिला बाजूला नेलं.

रारानं सुरा पाहिला आणि मान ताठ ठेवली. लोक म्हणाले, "काय रुबाब आहे!" मी कुंपणापाशी होते. पुढचं ऐकण्याचं तुमचं वय नाही. पाहण्याचं माझंही नव्हतं.

यंदा, या वयात, मला आणखी एक शिंगरू झालं. काका येतात, त्याला सगळीकडून न्याहाळतात आणि म्हणतात, "हाही उमदा निघणार." काकांना अलीकडे खोकला लागला आहे.

मित्रांनो, जनावरांवर प्रेम करा, असं मी सांगणार नाही. प्रेम आमच्यावर फार झालं. वेळेवर पाणी पाजा. खुरातला खडा काढा. थकलं तर ओझं उतरवा. आणि कौतुक अगदीच आवरलं नाही, तर चार माणसांत "काय मरतुकडं तट्टू आहे!" एवढं म्हणा.

मी शिंगराला मान खाली घालून चालायला शिकवते आहे. त्याला अजून जमत नाही.