कुंकवाखालचा आकडा

मित्रांनो, अंगात वीज साठवून गुपचूप बसणं सोपं नसतं. मी तेच करत आलो आहे. मी एक जुनं, हृदयाला झटका देणारं यंत्र. माझं नाव डीफिब्रिलेटर, पण ते म्हणताना आमच्या गोरोबाची जीभ तीनदा घसरे, म्हणून तो मला 'डिफीराव' म्हणे. माझ्या पहिल्या झटक्यानं तेरणा नदीतले मासे उड्या मारत काठावर आले, असं मी शेजारच्या बीपीच्या यंत्राला सांगत असे. मासे काही आले नव्हते. बाकी सांगतो ते खरं.

धाराशिवच्या एका मोठ्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माणसाचं हृदय पंपासारखं चालायचं सोडून नुसतं थरथरू लागलं, की माझी इस्त्रीसारखी दोन पॅडल्स, म्हणजे माझ्या इस्तऱ्या, छातीवर टेकवून झटका द्यायचा. किती जोराचा, ते तबकडी फिरवून ठरवायचं. लेकराला वजन बघून थोडा. मोठ्या माणसाला माझा पुरता जोर, तीनशे साठ ज्यूल. पुढं नवी यंत्रं आली. त्यांचा झटका जातो आणि उलटा फिरून येतो, त्यामुळं त्यांचं दीडशे-दोनशेत भागतं. माझा नुसता जातो. नव्यांचं कौतुक झालं, मी अडगळीत पडलो आणि तिथून माकणीच्या वाटेवरच्या एका लहान दवाखान्यात आलो.

गोरोबा तिथला वॉर्डबॉय, पन्नाशी उलटलेला. रोज मला पुसायचा, चार्जिंगला लावायचा. खंडेनवमीला त्यानं कात्र्या, चिमटे आणि मी अशी पूजा मांडली. मला झेंडूची माळ घातली आणि तेलात कालवलेलं कुंकू थेट तबकडीवर, शेवटच्या आकड्यावर थापलं.

"अहो गोरोबा, तिथं कशाला?" रोहिणी सिस्टर म्हणाल्या.

"मग कुठं? कपाळ तेच हाय की त्याचं!"

सिस्टर हसल्या आणि इंजेक्शन द्यायला गेल्या. कुंकू तसंच वाळलं.

चौथ्या दिवशी भरदुपारी गोरोबाच माझ्यासमोर कोसळला. त्याची बायको द्वारकाबाई डबा घेऊन आली होती, ती दारातच थिजली. सिस्टर त्याची छाती दाबू लागल्या. नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टर अर्पितांनी इस्तऱ्या उचलल्या. माझ्या पडद्यावर नुसती वेडीवाकडी थरथर.

"ओ म्याडम! त्यास्नी आधीच झटका आलाय, अन् तुमी वर आणिक झटका द्यायलाव?" द्वारकाबाई ओरडली.

"मावशी, तो झटका वेगळा, हा वेगळा. सरका, कुणी हात लावू नका!"

डॉक्टर शिकल्या होत्या नव्या यंत्रांवर. त्यांनी काटा दोनशेवर आणला. मला तोंड असतं तर बोललो असतो. मला फक्त 'टूं' करता येतं. झटका बसला. थरथर थांबली नाही.

पुन्हा दोन मिनिटं छाती दाबली. तेवढ्यात सिस्टरांची नजर तबकडीवर गेली.

"मॅडम, दोनशे? हा जुना आहे. याला तीनशे साठ लागतात."

"कुठं आहेत तीनशे साठ? इथं तीनशेवरच संपतंय."

सिस्टरांना छाती दाबणं सोडता येईना. "कुंकू पुसा!" त्या किंचाळल्या.

द्वारकाबाईनं पदराचा बोळा केला आणि आकडा खसाखसा घासला. नवऱ्यानं लावलेलं कुंकू तिनं पुसलं, तेव्हा कुठं तीनशे साठ दिसले. काटा फिरला. सगळे सरकले. दुसऱ्या झटक्यानंतर सिस्टर छाती दाबत असतानाच गोरोबा कण्हला.

पुढच्या उपचारांना त्याला सोलापूरला नेलं, महिनाभरानं तिथून बरा होऊन तो परतला. पुढच्या खंडेनवमीला त्याच्या कुंकवानं भरलेल्या बोटाकडं अख्खा दवाखाना बघत होता.

"बघताव काय?" तो म्हणाला. "पाठीवर लावणार हाय. व्हय की न्हाय, डिफीराव?"

मित्रांनो, यंत्राची माया करा, माळ घाला. पण त्याच्या अंगावरचं आधी वाचा आणि ते आकडे उघडे ठेवा. माझ्या झटक्यानं मासे कधीच आले नाहीत. गोरोबा मात्र आला.