ओल्या केसांची तक्रार

छापखान्याच्या तपासणी खोलीत अण्णांचा शब्द शेवटचा. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांची एक खात्री पटली होती: चूक नेहमी दुसऱ्याच्याच टेबलावर सापडते.

त्यामुळे खोलीत सर्दी शिरली तेव्हा त्यांना फार शोधाशोध करावी लागली नाही. तीन महिन्यांपूर्वी लागलेली नवी तपासनीस सकाळी न्हाऊन ओल्या केसांनीच कामाला यायची आणि वर खिडकी उघडून बसायची.

"ओलं डोकं, त्यात वारा," अण्णा नाक पुसत म्हणाले. "आता भोगा सगळे."

"पण शिंकताय तुम्ही, अण्णा. मी तर ठणठणीत आहे."

"काही माणसं स्वतः कोरडी राहून दुसऱ्याला भिजवतात."

शेजारच्या टेबलावरचे भाऊ खो खो हसले आणि त्यांनी तिचं 'भिजकी मांजर' असं बारसं करून टाकलं. तीन दिवसांनी भाऊ आडवे झाले. मग कोपऱ्यातल्या मावशी. सगळ्यांत शेवटी तीही शिंकली, तेव्हा अण्णांना एक ठरलेलं कार्य पार पडल्यासारखं वाटलं. त्यांनी व्यवस्थापकांना चार ओळी लिहून दिल्या: सदर बाईंच्या बेफिकिरीमुळे खातं आजारी पडलं, सबब त्यांना नोकरीत कायम करू नये. शनिवारी तिचा फैसला होता. तोवर तिचं टेबल खिडकीपासून हलवून कपाटाआड गेलं.

गुरुवारी एक तातडीची पुस्तिका तपासायला आली: 'सर्दी : समज आणि गैरसमज'. अण्णा नेहमीच्या शिस्तीने बसले. डोळा अक्षरावर ठेवायचा, अर्थामध्ये अडकायचं नाही. अर्थ लावत बसलं तर काम कधी उरकायचं, हा त्यांचाच नव्यांना उपदेश. 'ओल्या केसांमुळे सर्दी होते हा गैरसमज आहे' या ओळीत त्यांनी एक राहिलेला अनुस्वार दिला आणि पुढे गेले. मग थांबले. मागे आले.

सर्दी विषाणूंमुळे होते, असं पुढे लिहिलं होतं. आजारी माणसाच्या शिंकेतून, त्याच्या हातांतून ती पसरते. त्याने तोंडाला लावलेलं बोट...

पान उलटायला उचललेला अण्णांचा अंगठा जिभेवरच राहिला.

प्रत्येक गठ्ठा आधी अण्णा वाचत, मग भाऊ, मग मावशी, शेवटी ती. पानाच्या कोपऱ्यात ज्याची त्याची सही आणि तारीख. अण्णांनी गेल्या पंधरवड्याचे गठ्ठे काढले, शेजारी रजेचं पुस्तक उघडलं. सर्दी नेमून दिलेल्या क्रमाने, एकही टेबल न चुकवता गेली होती. आणि सगळ्यांत वर, सर्वांत आधीची सही त्यांची. तिच्याखाली कागद अजून थोडा फुगलेला.

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी पुस्तिकेत चूक शोधायचा मनापासून प्रयत्न केला. तीनदा वाचली. चूक नव्हती.

ते जिना चढून व्यवस्थापकांकडे गेले. बोलताना नजर टेबलावरच्या शाईच्या डागावर.

"एवढंच ना?" व्यवस्थापकांनी अर्ज फाडला. "बाईंची नोकरी पक्की. बाकी कुणाला कळायचं कारण नाही. झाकली मूठ!"

अण्णांना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत हायसं वाटलं. तेवढ्यात आतून भाऊंचा आवाज आला, "काय गं भिजके, आज तरी पंचा आणलास का?" आणि मागोमाग हसू. ते हसू अण्णांनीच चालू करून दिलं होतं.

ते दारातच म्हणाले, "भाऊ, सर्दी माझी होती. अंगठ्याची. माझ्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून मावशींकडे. हिला शेवटी लागली. आणि हिला काढा म्हणून अर्जही मीच केला होता. आता परत घेतला."

मावशींनी हातातल्या पानाकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमची थुंकी..." त्या उठून हात धुवायला गेल्या.

कपाटाआडून ती बोलली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. "अण्णा, हसू केलंत इथे, सगळ्यांसमोर. अर्ज मात्र वर जाऊन परत घेतलात."

"म्हणून तर खाली येऊन सांगितलं."

"जिन्यात विचार बदलला असेल."

ते खरं होतं. जागेवर बसून अण्णांनी गठ्ठा ओढला. अंगठा सवयीने वर निघाला, आणि अर्ध्या वाटेत, हात धुऊन परतलेल्या मावशींसकट, तिन्ही टेबलांवरचं काम थांबल्याचं त्यांना ऐकू आलं.

अंगठा खाली आला. टेबलावर स्पंजाची डबी होती. पहिल्याच दिवशी तिने आणून दिलेली: 'पानं उलटायला, अण्णा.' तेव्हा त्यांना तो उद्धटपणा वाटला होता आणि त्यांनी डबीत टाचण्या भरल्या होत्या. आता त्यांनी एकेक टाचणी बाहेर काढली. तळाचा स्पंज वाळून विटेसारखा झाला होता.

डबी घेऊन ते नळावर गेले. मागे खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला. स्पंज पाणी प्यायला तयार नव्हता. अण्णा पाठमोरे, तो भिजेपर्यंत उभे राहिले.