बोल्ड्याचं वळण

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. चाळिशी उलटली तरी ती काही निघाली नाही. एसटीत ड्रायव्हर झालो म्हणून निभावलं. तिथं बसून राहिलं तरी काचेबाहेरचं गाव बदलत असतं. असा माणूस दर रविवारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गुडघे टेकून वीतभर डब्यांच्या रेल्वेशी खेळतो, हे डेपोत कुणालाच पटायचं नाही. मीही पटवायला गेलो नाही. उगाच चिडवायला निमित्त कशाला द्या?

खोली दत्तप्रसादची. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, वसमतच्या बसस्टँडसमोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून तो बसला की शेजारी बॉम्ब फुटला तरी मान वर करायचा नाही, आणि त्याच्या हाताखालून गेलेलं घड्याळ पुन्हा दुकानात यायचं नाही. तिसरे उत्तमराव. रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंटमन होते. रिटायर होऊनसुद्धा घरी जेवायला बसताना बायकोला ‘लाइन क्लिअर आहे का’ म्हणून विचारायचे. सत्त्याण्णव साली, वसमत-हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होतं तेव्हा, तिघांनी मिळून वसमत ते हिंगोली ही छोटी लाइन त्या खोलीत घालायला घेतली.

बाजारात असलं काही मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तरी आम्ही आणलं नसतं. जिनिंगमध्ये रुईच्या गाठींना बांधतात ती लोखंडी पट्टी उभी करून रूळ केले. स्लीपर बाभळीचे. इंजिनात टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी, डबे तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचे, आस स्वेटर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुयांचे. आणि चाकं पितळेची, दत्तानं आपल्या घड्याळाच्या लेथवर एकेक कातलेली. काम वाटून घेतलं होतं. वसमत दत्ताकडे, हिंगोली उत्तमरावांकडे. मधलं बोल्डा स्टेशन माझं. खोलीचा कोपरा तिथंच आल्यामुळे अख्ख्या लाइनीतलं एकमेव वळण माझ्या वाट्याला आलं. त्या वळणावर मी सहा महिने घालवले. मी, ज्याला बायकोबरोबर साडी घ्यायला अर्धा तास थांबवत नाही.

उत्तमरावांनी नियमही आणले. पुढच्या स्टेशनानं लाइन दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि गाडी रुळावरून उतरली तर चौकशी. खरोखरची चौकशी: रजिस्टर, जबाब, मोजमाप, निष्कर्ष, सह्या. ज्याच्यावर ठपका त्यानं पुढच्या रविवारी गाडीला हात लावायचा नाही. मोजायला दत्तानं पहिल्याच वर्षी एक पितळी माप घासून केलं होतं, रुळांसाठी एक खाच आणि पलीकडच्या टोकाला चाकांसाठी दुसरी. फट किती ते सांगायला मी आणलेली एसटीची तिकिटं. एक तिकीट सरकलं तर चालेल, दोन सरकली तर बघावं लागेल, तीन सरकली तर गाडी पडणारच.

पहिली पाच वर्षं सुखाची गेली. मग गाडी बोल्ड्यावर पडायला लागली.

दोन वर्षांत तेरा चौकशा झाल्या. तेराही वेळा रजिस्टरात एकच: ‘बोल्डा येथील वळण सदोष. जबाबदार, स्टेशन मास्तर बोल्डा.’ मी पाच वेळा वळण उखडलं आणि पाच वेळा घातलं. माप लावलं की रूळ बराबर निघायचे, गाडी आली की डबा कलंडायचा. उत्तमराव म्हणायचे, ‘भारता, तुझ्या अंगात घाई हाय, ती रुळात उतरून राहिली.’ मी चिडायचो, दार आपटून खाली जायचो, पुढच्या रविवारी पुन्हा यायचो. दिवसभर वारंगा फाट्यापर्यंत पन्नास माणसं नीट नेऊन सोडणारा मी, आणि तीन डबे मला भिंतीपाशी वळवता येईनात. रात्री झोपेत बायकोच्या अंगावर पाय टाकून ब्रेक दाबायचो म्हणे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तेराव्या चौकशीनंतर उत्तमरावांनी चष्मा काढला. ‘आता बास. येत्या रविवारी शेवटची ट्रायल. गाडी पडली तर वळण काढायचं. लाइन सरळ भिंतीला लावू, हिंगोली अलीकडे घेऊ. बोल्डा बंद.’

मी दत्ताकडे पाहिलं. तो खाली रुळांकडे बघत होता. ‘बघू रविवारी,’ एवढंच बोलला.

माझं डोकं फिरलं. सोमवारी माझी सुट्टी होती. दुपारी दत्ता दुकानात असताना मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या बायकोला, शिवकन्यावहिनींना, ‘वर जरा काम आहे’ म्हणालो आणि पत्र्याच्या भट्टीत जाऊन बसलो. मोटर लावलीच नाही. सगळे तेरा डबे काढले आणि एकेक हातानं वळणावरून ढकलला. असं करायचं कधी सुचलं कसं नाही, देव जाणे. सात डबे सुरळीत गेले. सहा पडले. पुन्हा ढकलले, पुन्हा तेच सहा. उलट्या बाजूनं, तेच सहा. ते सहा नवे होते, दोन हजार दोननंतरचे.

मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं माप काढलं. रुळाची खाच वापरून वापरून सोन्यासारखी चकाकत होती. चाकांची खाच काळी पडलेली. सात वर्षांत ती कुणी वापरलीच नव्हती. दत्ताचं चाक मोजायचं, हा विचारच आम्हाला कधी शिवला नव्हता. मी ती खाच नव्या डब्याच्या चाकांना लावली आणि फटीत तिकीट सरकवलं. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. दुसऱ्या चाकाची कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. माझं वळण बरोबर होतं! तेराच्या तेरा वेळा बरोबर होतं! माप हातात घेऊन मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेलो. वहिनी स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसल्या होत्या. पुढ्यात पत्र्याचा नवा डबा, हातात बारीक ब्रश. मला बघून त्यांनी डबा पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण ओल्या रंगाचा नंबर पदराला लागला.

डब्यांवरच्या नंबरांचं मी नेहमी कौतुक करायचो. ‘दत्ता, अक्षर काय वळणदार काढतोस रे,’ म्हणायचो. दत्ता काही बोलायचा नाही. मला तो विनय वाटायचा.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘दोन वर्सं झाली भावजी. हात थरथर करून राहिला त्यांचा. नांदेडला दाखवलं, गोळ्या चालू हायत. डागदर म्हणले, वाढत जाईल.’ त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. ‘रंगाचं मी करते. चाकाचं मला जमंना. ते दार लावून आपलं आपलं करत्यात.’

दुकानाचं मला तेव्हा लक्षात आलं. वर्षभरात तिथं नुसते पट्टे आणि सेल विकले जात होते. दुरुस्तीचं घड्याळ कुणी आणलं की दत्ता म्हणायचा, पार्ट येत न्हाईत आता. रोज त्याच्या समोरून मी गाडी काढत होतो.

‘माझ्या नावावर तेरा चौकशा हायत वहिनी,’ मी म्हणालो. एवढं ऐकूनही मी असं बोललो, याची मला आजही लाज वाटते.

‘चौदावी पण घ्या अंगावर,’ त्या म्हणाल्या. ‘पाया पडते. दुकान गेल्यातच जमा हाय. रविवारची ती खोली तेवढी ऱ्हाऊ द्या त्यांना.’

मी वर जाऊन माप खिळ्याला अडकवलं आणि घरी गेलो. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कुरुंद्याचा स्टॉप सोडून पुढं गेलो तेव्हा कंडक्टरनं घंटीची दोरी तुटेस्तोवर ओढली. घरी लेकरांवर खेकसलो. कधी वाटायचं, काय मोठंसं आहे, खेळच तर आहे, घेऊन टाकू अंगावर. लगेच पाच वेळा उखडलेलं वळण आठवायचं आणि कानशिलं तापायची. माझ्यात एवढं मोठं मन नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. तरी शनिवारी संध्याकाळी ठरवलं: गप्प बसायचं.

रविवारी गाडी निघाली. उत्तमरावांनी मुद्दाम नवे डबे लावले होते. वसमत सुटलं, सरळ रुळावर झोकात आली, वळणावर दुसरा डबा उचलला गेला आणि पडला. उत्तमरावांनी रजिस्टर उघडलं.

‘बोला, स्टेशन मास्तर बोल्डा.’

‘चूक माझी,’ मी म्हणालो. ‘वळण काढा.’

उत्तमराव चमकले. तेरा चौकशांत मी भांडलो नाही असं कधी झालं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी पक्कड घेतली, खाली बसले आणि वळणाचा पहिला खिळा उपटला. दुसऱ्याला पक्कड लावली. मी पत्र्याकडे बघत उभा राहिलो.

‘थांबा,’ दत्ता म्हणाला.

तो उठला. खिळ्यावरचं माप काढलं, पडलेला डबा उलटा मांडीवर घेतला आणि चाकाला खाच लावायला गेला. लागेना. पितळेवर पितळ टकटक टकटक वाजत राहिलं. आम्हाला तिघांनाही ते ऐकू येत होतं आणि तो थांबायला तयार नव्हता. शेवटी त्यानं माप उत्तमरावांच्या हातात दिलं.

‘लिहा. चाक माझं. दोन वर्सांपासून माझं.’ मग माझ्याकडे वळला. ‘तुला कळलं व्हतं. खिळ्यावर माप उलटं टांगलेलं हाय सोमवारपासून. काहून खोटं बोललास चौकशीत?’

मी भडकलो. सहा दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ‘मला इचारतोस काहून? पाच वेळा वळण उखडलं मी! तू समोर बसून बघत व्हता! एकदा म्हणायचं न्हाई, भारत्या, राहू दे, तुझी चूक न्हाई? दोस्त म्हणवतोस?’

‘न्हाई जमलं,’ दत्ता म्हणाला. ‘तोंडानं बोलायचं न्हाई जमलं मला. दर चौकशीला वाटायचं, आज तुमी चाक मोजताल. माप इथंच टांगलेलं व्हतं. कुणी तरी मोजंल, कुणी तरी म्हणंल, दत्ता, हे गलत हाय. दोन वर्सं वाट बघितली. तुमी रूळच मोजत राहिले.’

उत्तमरावांनी पक्कड खाली ठेवली. मला वाटत होतं आपण आता दार आपटून खाली जाणार. पाय तिकडे निघालेही होते. राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही. पण आम्ही त्याला इतकं मोठं करून ठेवलं होतं की त्याचं चुकलेलं चाक बघायलाही कुणी जवळ गेलं नाही, हे मला तिथं, दारापाशी, टोचलं.

मी परत आलो. तेराही डबे जमिनीवर उलटे मांडले, उत्तमरावांच्या हातातून माप घेतलं, खिशातून तिकिटांचं बंडल काढलं आणि दत्ताच्या समोर मांडी घालून बसलो. उत्तमरावांनी न सांगता नवीन पान काढलं.

पहिल्या चाकांना खाच लावली. फटीत दोन तिकिटं सहज गेली. तिसरंही सरकत होतं, मी त्याला बोटानं थोडं अडवलं.

‘ठीक हाय हे,’ मी म्हणालो.

‘किती?’ दत्तानं विचारलं.

‘चालंल रे.’

‘भारता. किती?’

मी बोट काढलं.

‘तीन तिकिटं.’

‘लिहा उत्तमराव,’ दत्ता म्हणाला आणि पुढचा डबा त्यानं स्वतःच माझ्याकडे सरकवला.