सात ओळी

शिवणकाम मला आत्याने शिकवलं. कोटाची बाही तिला एका फटक्यात जमायची, अशी तिची ख्याती. मला मेलीला दोनदा उसवावीच लागते. म्हणून तिच्या माघारी तिच्याच दुकानात, तिनेच लावलेल्या पडद्यामागे बसून मी तीस वर्षं चोरून उसवत आले.

आज एक म्हातारे गृहस्थ आत्याने शिवलेला कोट दुरुस्तीला घेऊन आले. मी खांद्याचं अस्तर उघडलं. शिवणीशेजारी उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं होती. उजेडात नेऊन, एका उसवणीची एक अशा ओळी मोजल्या. सात! बाहेरून बघावं तर बाही जणू खांद्यातूनच उगवलेली. त्या भोकांवरून मी कितीतरी वेळ नुसतं बोट फिरवत राहिले.

कालच एका बाईंच्या कोटाची बाही ओढत होती, तेव्हा "तुमचा खांदाच उतरता आहे," असं मी त्यांना बेधडक सांगितलं होतं. आता त्यांना फोन लावला.

"कोट परत आणा. खांदा तुमचा सरळच आहे. बाही माझी चुकली."

मग स्टुलावर चढले आणि आत्याचा तो पडदा काढून टाकला.